आबांचे एकशे ऐंशी सेकंद

आबांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक यादी चिकटवलेली होती. जुन्या गेटपासच्या पाठकोऱ्या कागदांवर, निळ्या बॉलपेनने, ठसठशीत अक्षरात. डावीकडे कशाची वाट बघायची ते, उजवीकडे किती वेळ बघायची ते. 'कॅन्टीनचा चहा – बारा मिनिटं.' 'गेलेली लाइट – चार मिनिटं, मग जनरेटर.' 'फाट्यावरचा जाम – पाऊण तास, मग उतरून चालत.' 'साहेबांचा राग – अकरा मिनिटं.' 'मेहुणा – वाट बघू नये.' मी पहिल्या दिवशी त्या खोलीत पाय ठेवला तेव्हा आबा माझ्याकडे न बघता यादीत एक ओळ वाढवत होते. मी वाकून वाचली. 'नवी पोरगी – सहा महिने.'

मला राग आला. एक तर मी पोरगी नव्हते, तिशी ओलांडलेली बाई होते. दुसरं म्हणजे ती सहा महिन्यांची गोष्ट खरी होती, आणि ती अशी भिंतीवर वाचायला मिळावी असं काही मला वाटत नव्हतं.

आमचं कंटेनर यार्ड उरणच्या बाजूला, बंदराच्या रस्त्यालगत. ट्रक आत आला की कंटेनरचा नंबर कॉम्प्युटरवर चढवायचा, पास द्यायचा, हे काम आम्ही चार बायका गेटवर करायचो. मग तिथे कॅमेरे बसले. कॅमेरे आपणच नंबर वाचू लागले आणि आम्हा चौघींची गरज संपली. तिघी निघून गेल्या. मी गेले नाही, कारण खाडीपलीकडे थळला घरात महिन्याचा पगार आणणारी मी एकटी होते. वडिलांचे गुडघे गेल्यापासून होडी दुसऱ्याला दिलेली. मी मुंबईच्या हेड ऑफिसला जाऊन साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, मला सर्व्हरचं काम शिकवा. साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "आबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. त्यांच्यानंतर ते काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरतंय. तुम्ही सहा महिन्यांत शिकलात तर तुम्हाला देऊ. नाही तर आमचा नाइलाज."

तर ते सहा महिने.

आबा आमच्या यार्डातले सर्वांत जुने. उंच, सुकट अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि गळ्यात शाळेतल्या पी.टी.च्या मास्तरांसारखं स्टॉपवॉच. ते शोभेसाठी नव्हतं. लिफ्ट यायला लागली की कट्, फोनची रिंग वाजू लागली की कट्, कोणी "आलोच" म्हणून बाहेर गेलं की कट्. परत आलेल्या माणसाला ते तोंडावर सांगत, "तुजा 'आलोच' एकोणीस मिंटांचा हाय." लोक त्यांना टाळत. त्यांच्यासोबत जेवायला बसलं तर घास किती वेळ चावतो तेही मोजतील अशी भीती असायची.

पहिले वीस दिवस त्यांनी मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. कॅन्टीनमध्ये चहा सांगायचा आणि किती मिनिटांनी येतो ते लिहायचं, एवढंच काम. मला वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. विसाव्या दिवशी मी कागद पुढे केला आणि म्हणाले, "सरासरी सात मिनिटं."

"सरासरी तुजी तू ठेव. सगल्यात उशिरा कवा आयला ता सांग."

"अकरा मिनिटं. सिलिंडर बदलायचा होता त्या दिवशी."

"मंग आपून किती मिंटां थांबायचा?"

"अकरा?"

"बारा," आबा म्हणाले आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "अकरा मिंटांनी उठून गेलीस तं चा येतो आन् तू नसतेस. आन् बारा झाल्यावर पन बसून रायलीस तं तू येडी." त्यानंतर त्यांनी मला पासवर्ड दिला. हे शिक्षण होतं हे मला त्या दिवशी कळलं, तोवर मी चहा पिऊन पिऊन पित्ताने हैराण झाले होते.

मी रोज रेवसहून लाँचने करंजाला येत असे. ओहोटी फार असली की रेवसच्या धक्क्याला गाळ लागतो आणि लाँच खोळंबते. बाकीच्या ठिकाणी मला उशिराबद्दल बोलणी बसली असती. आबांनी मात्र भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून माझी हजेरीची वेळ रोजची वेगळी लिहिली होती. ओहोटीच्या दिवशी अर्धा तास सूट, पण भरतीच्या दिवशी दोन मिनिटं उशीर झाला तरी कपाळाला आठ्या.

पूर्वी आमचे सर्व्हर शेजारच्याच खोलीत होते. आबा त्यांच्या पेट्यांना कान लावून डिस्कचा आवाज ऐकत आणि कुठली आजारी पडणार ते सांगत. मग हेड ऑफिसने सगळं क्लाउडवर नेलं. म्हणजे आमचे चारही सर्व्हर कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या कुठल्या तरी इमारतीत, आणि त्यांच्या डिस्क आणखी तिसऱ्याच कपाटात, मध्ये नुसती तार. खोली रिकामी झाली. तरी आबा रोज सकाळी त्या रिकाम्या खोलीत जाऊन दहा मिनिटं उभे राहत. एकदा मी विचारलं, काय करता? म्हणाले, "ऐकतो." काय ऐकता ते विचारायची माझी छाती झाली नाही.

क्लाउडवर गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात, भर दुपारी, गेट बंद पडलं. कॅमेरा नंबर वाचत होता पण नंबर कुठे लिहिला जात नव्हता. पास निघेना. ट्रकची रांग रस्त्यावर गेली. फोनवर साहेब क्लाउडवाल्यांना शिव्या घालत होते. क्लाउडवाल्यांनी नम्रपणे कळवलं की त्यांनी आमची डिस्क एका कपाटातून दुसऱ्यात हलवली, त्यात ती साधारण मिनिटभर गप्प होती, आता ती ठणठणीत आहे.

"डिस्क ठणठणीत आहे, मग आपलं का बंद?" मी विचारलं.

आबांनी मला पडद्यावर 'टाइमआउट' या शब्दापुढचा आकडा दाखवला. ३०. "सर्व्हरनं डिस्कला हाक मारली. तीस सेकंद जबाब नाय आयला. तीस सेकंदानंतर यो बोलला, मेली. आन् कुलूप लावला, का आता कोनी काय लिवायचा नाय. डिस्क मेली नव्हती, बाय. जरा थांबली व्हती. आपल्या मशिनीनं तिचा तेरावा घालून टाकला."

"तीस कोणी ठरवलं?"

"कोनीच नाय. मशिनीबरोबर आयलेला आकडा हाय. डिस्क पेटीत बाजूला व्हती तवा तो बरोबर व्हता. बाजूच्या खोलीतला मानूस तीस सेकंदात ओ देत नसंल तं काय तरी झालाय. पन मानूस दुबईला गेला तरी तू तीसच मोजनार?"

मग आकडा किती लावायचा यावर आम्ही तीन दिवस भांडलो. आबांनी मला क्लाउडवर गेल्यापासूनच्या सगळ्या नोंदी काढायला लावल्या, डिस्क सर्वांत जास्त किती गप्प होती ते बघायला लावलं. क्लाउडवाल्यांचा सल्लाही वाचून काढला. शेवटी मी म्हणाले एकशे ऐंशी. साहेबांना ते पटेना. "तीन मिनिटं गेट गोठून राहणार? ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं उठवतील." आबा शांतपणे म्हणाले, "तीन मिनिटं हॉर्न ऐका साहेब, नाही तर दोन तास ऐका." साहेबांशी ते असं शुद्ध बोलत. आम्हा खाडीकाठच्या माणसांशी मात्र घरचं.

मला एक गोष्ट विचारायची होती. मी म्हणाले, "मग सरळ दहा मिनिटं लावू या ना. वाट बघणं चांगलंच आहे, तर भरपूर बघू."

आबा जेवत होते. भाकरीत सुकट भरलेलं होतं. त्यांनी घास खाली ठेवला. "माज्या बापसाला टाइमआउट नव्हता," ते म्हणाले.

खाडीला लागून त्यांची भातखाचरं होती आणि पुढे मिठागर. एका उधाणाला बांध फुटला. आमच्याकडे बांध फुटला की पुढच्या उधाणाच्या आत सगळा गाव फावडी घेऊन उतरतो आणि फुटलेली खांड बुजवतो, ही रीत. पण त्याच आठवड्यात सरकारी ऑफिसातला कोणी माणूस येऊन टेप लावून गेला होता, पक्का बांध होणार म्हणून. आबांचे वडील म्हणाले, सरकार बांधतंय तर आपण कशाला राबायचं, थांबू या. शेजारच्यांनी आपली खांड बुजवली. हे थांबले. एक उधाण गेलं, दुसरं गेलं. खारं पाणी शेतात आलं ते आलंच. मग तिथे तिवरं, म्हणजे खारफुटी, उगवली. "आता तिकरं पुरुषभर तिवर हाय. आन् बापूस ओट्यावर बसून रोज बोलायचा, येतील, मापा घेऊन गेलेत. मरेपर्यंत बोलायचा. थांबायला माजी ना नाय. पन किती ता आधीच लिवून ठेव. आन् तेवरा झाला का उठ." त्यांनी घास उचलला आणि पुन्हा या विषयावर बोलले नाहीत. मला त्या दिवशी भिंतीवरची यादी पहिल्यांदा विनोदी वाटली नाही.

एकशे ऐंशीचा आकडा चारही सर्व्हरना लावायचं काम आबांनी माझ्यावर सोपवलं. मी अर्ध्या तासात लावला, तपासला, सगळीकडे १८० दिसतंय हे पाहिलं आणि झालं म्हणून सांगितलं. मला माझं फार कौतुक वाटलं. घरी जाताना रेवसला उतरून मी जिलेबी घेतली.

आता माझी अक्कल ऐका. चालू मशीनला सांगितलेला आकडा मशीन तेवढ्यापुरता लक्षात ठेवतं. बंद करून पुन्हा सुरू केलं की विसरतं आणि परत तीसवर येतं. तो कायम राहायला हवा असेल तर वेगळ्या फाइलमध्ये नियम म्हणून लिहावा लागतो. ते मी केलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. एका रविवारी ठरल्याप्रमाणे सगळे सर्व्हर अपडेट होऊन पुन्हा सुरू झाले आणि गुपचूप तीसवर आले. मंगळवारी सकाळी डिस्क पन्नासेक सेकंद गप्प झाली. गेट बंद.

दीड तास लागला सगळं उभं करायला. मध्येच एक ड्रायव्हर खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या कंटेनरमध्ये कोळंबी होती. आवाज न चढवता त्याने विचारलं, "मॅडम, जहाज मिलेगा क्या?" त्याला जहाज जेमतेम मिळालं, पण तो चेहरा मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. दार लावून घेतलं आणि विचारलं, "चूक कोणाची?"

मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे काही तरी सांभाळून घेतील. आबा म्हणाले, "हिची."

ते पुढे म्हणाले, "आकडा तिने लावला, कायमचा लिहिला नाही. आणि मी तपासला नाही, तेवढी माझी." मग साहेब बोलू लागले आणि आबा भिंतीला टेकून ऐकत राहिले. खरंच अकरा मिनिटं असतील. साहेबांचा श्वास संपला तेव्हा त्यांनी निवाडा दिला, "मग सहा महिने थांबण्यात अर्थ नाही. आत्ताच बाहेरच्यांना देऊ."

"साहेब, सहा महिने तुम्ही ठरवलेत," आबा म्हणाले. "त्यातले दोन बाकी आहेत. मधेच उठायचं होतं तर ठरवलं कशाला? सहा महिने पूर्ण झाले आणि हिला येत नसलं तर मी स्वतः हिला लाँचवर सोडून येईन."

साहेबांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "ठीक. पण गेट पुन्हा एकदा असं पडलं तर त्या दिवशी दोघंही घरी. तुम्ही रिटायरमेंटच्या आधी, आणि या कायमच्या."

मी आबांशी चार दिवस बोलले नाही. ते माझ्या बाजूने भांडले हे मला कळत होतं, पण "हिची" हा शब्द काही केल्या उतरत नव्हता. आबांना माझ्या न बोलण्याची फिकीर दिसली नाही. पाचव्या दिवशी त्यांनी मला चारही सर्व्हरवर तो नियम लिहायला लावला आणि मग चाचणीच्या मशीनवर तोच नियम घालून ते मशीन सात वेळा बंद-चालू करायला लावलं. प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने वाचायचा. एकशे ऐंशी. एकशे ऐंशी. सातव्या वेळी मला हसू फुटलं आणि आमचा अबोला संपला. "लावला असा बोलू नको," ते म्हणाले. "परत चालू करून बगला, असा बोल." आज माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत आणि मी त्यांना हेच वाक्य रोज ऐकवते. ती माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात, हेही मला माहीत आहे.

सहा महिन्यांतला शेवटचा आठवडा होता. साहेब माझं काम बघायला आले होते. सकाळचे साडेदहा, गेटवर सर्वांत जास्त गर्दीची वेळ. मी खुर्चीत, साहेब माझ्या मागे, आबा दाराशी. आणि पडद्यावर गेटच्या खिडकीत नुसतं चक्र फिरू लागलं. डिस्क गप्प झाली होती.

वीस सेकंद झाले. चाळीस. बाहेर पहिला हॉर्न वाजला. गेटवरून वॉचमनचा फोन आला, मी उचलला नाही.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"डिस्क थांबलीय. सर्व्हर वाट बघतोय."

"रिस्टार्ट करा."

"नको साहेब. आत्ता बंद केला तर अर्धवट लिहिलेलं सगळं बिघडेल, मग तासभर गेलाच. एकशे ऐंशीपर्यंत आली तर काहीच बिघडत नाही. नाही आली तर मी राखून ठेवलेल्या दुसऱ्या कॉपीवर जाईन."

साठ. सत्तर. हॉर्न आता एकसारखे वाजत होते. माझा हात माउसवर होता आणि रिस्टार्टचं बटण बोटभर अंतरावर.

"आबा," साहेब म्हणाले, "तुम्ही सांगा हिला."

"खुर्चीत ती बसलीय, साहेब," आबा म्हणाले.

नव्वद झाले तेव्हा मागे पावलांचा आवाज आला आणि थांबला. मला वळून बघायचं धाडस नव्हतं. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, कारण तो तिथे राहिला असता तर मी बटण दाबलं असतं. शंभर. एकशे वीस. साहेब काही तरी म्हणत होते, ते मला आता आठवत नाही. मला फक्त थळचं घर दिसत होतं, आणि आईला काय सांगायचं हे मी जुळवू लागले होते.

एकशे एक्केचाळीसला चक्र थांबलं. खिडकीत एक नंबर उमटला, मग दुसरा, मग खडाखडा सगळे. बाहेर ट्रकचे ब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज आला. मी चारही सर्व्हर एकेक करून पाहिले. काहीही बिघडलं नव्हतं.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "सोमवारी पत्र पाठवतो," ते म्हणाले. "कायमचं." आणि वॉचमनला फोन लावत बाहेर गेले.

आबा खोलीत नव्हते. मी शोधत गेले तर ते मागच्या पायरीवर बसलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. मी शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि हसूही.

"एकशे एक्केचाळीस," मी म्हणाले.

"म्हाईत हाय." ते समोरच्या कंटेनरच्या थप्प्यांकडे बघत म्हणाले, "खुर्चीत मी असतो तं नव्वदला बटन दाबला असता."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"मना थांबता येत नाय, बाय. बापसाला बगून बगून मनातली थांबायची जागाच गेली. म्हनून तं सगला लिवून ठेवतो. लिवलेला नसला तं मी चा येयाच्या आधी उठून जाईन."

"मग नव्वदला मला सांगितलं का नाहीत?"

"सांगायलाच निंगालो व्हतो. एक पाऊल टाकला. तवा तू माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवलास." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग बोललो, आता आपून घरी गेलो तरी चालंल."